बाकावरचा स्वार

माझा मामा हाडं धुतो. माझं लग्न ठरताना मी हे सासरच्यांना सांगितलं, तेव्हा त्यांना वाटलं मुलगी मामावर चिडलेली दिसते. तेव्हापासून मी पहिल्याच दमात सगळं सांगून मोकळी होते. विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात जमिनीखालून निघालेली हाडं येतात, माणसांची येतात, जनावरांची येतात. ती धुवायची, सावलीत वाळवायची, त्यांच्यावर बारीक अक्षरात नंबर घालायचे आणि खोक्यात नीट निजवायची, हे काम मामा एकतीस वर्षं करतोय. विभागातले शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणतात, त्यामुळे सख्खी भाची असून तिथे मला काडीचा मान नाही.

त्याची धुण्याची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला आहे. पाणी वाहून जावं म्हणून फरशी मोरीकडे उतरती केलीय, आणि ज्याने केली त्याने ती जरा जास्तच उतरती केलीय. तिथे खुर्ची ठेवा, डुगडुगते. स्टूल ठेवा, डुगडुगतं. शेवटी मामाने एका जुन्या वर्गातला लांब, अरुंद बाक उचलून आणला. बाकाच्या एका टोकाला पाण्याचं घमेलं ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला तो स्वतः दोन्हीकडे पाय टाकून बसला. बाकही डुगडुगायचाच, पण मांड्यांनी गच्च आवळून धरला की गप्प बसायचा. मग रोज सात तास मामा बाक आवळून बसणार, मऊ ब्रश हातात, आणि समोर घमेल्यात कुणाचा तरी गुडघा.

माणसं त्याच्या लक्षात राहत नाहीत. माझ्या नवऱ्याला त्याने लग्नानंतर दोन वर्षं माझा दीर समजून वागवलं. पण डोळे मिटून हातात बरगडी द्या, डावी की उजवी आणि वरून कितवी ते सांगेल. आता गंमत अशी की हे सगळं येत असून विभागात त्याला विचारायचे काय, तर मामा, खोकं कुठल्या फळीवर आहे? शोध लावायचे वरच्या मजल्यावरच्यांनी. मामाने धुतलेल्या हाडांवर लोक पदव्या घेऊन गेले, परदेशात जाऊन आले, आणि मामा तळमजल्यावर घमेल्यातलं पाणी बदलत राहिला. तो कधी कुरकुरला नाही. पण मला एकदा म्हणाला होता की निवृत्त होण्याआधी एक तरी गोष्ट अशी व्हावी, जी मी सांगितली म्हणून कळली. त्याला दुसरं काहीही नको होतं, हे मी पैजेवर सांगते.

चार वर्षांपूर्वी एक खोकं आलं. पुरुष, वय चाळिशीचं, काळ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा. मामा त्याचा खुबा धूत होता. मांडीच्या हाडाचा गोळा जिथे बसतो ती खुब्यातली वाटी साधारण गोल असते, तुमची, माझी, सगळ्यांची. मामाची सवय अशी की वाटी उपडी करण्याआधी तिच्यात जरा वेळ पाणी भरून ठेवायचं, म्हणजे कडेची माती सुटते. त्या दिवशी वाटीतलं पाणी गोल दिसेना. वरच्या अंगाला ओढल्यासारखं लांबट दिसलं. त्याने दुसऱ्या बाजूची वाटी भरली, तीही तशीच. मामा तो खुबा तसाच उचलून, न बोलावता, आपण होऊन, जिना चढून बाईंच्या खोलीत गेला.

बाई म्हणजे विभागप्रमुख. बारीक, तुरतुरीत, आणि खोटं बोलणाऱ्याला समोर उभं न करणाऱ्या. बाईंचं अर्धं आयुष्य एकाच प्रश्नात गेलंय: माणूस घोड्यावर पहिल्यांदा बसला तो कधी? ऐकायला सोपं वाटतं. पण घोडं पेंड खातं ते पुराव्यापाशी. वस्तीत घोड्याची हाडं सापडली, तर लोक त्याला खात होते एवढंच ठरतं. लगाम दोरीचा नाहीतर चामड्याचा, तो कुजून जातो. घोड्याच्या पुढच्या दाढांवर लगामाची घासण दिसू शकते, पण दाढा काय, म्हातारा घोडा नुसता चरूनही झिजवतो. म्हणून मग घोडा सोडायचा आणि वर बसणाऱ्याची हाडं बघायची. जन्मभर मांड ठोकून बसलेल्या माणसाच्या खुब्याची वाटी लांबट होते, मांडीच्या हाडावर स्नायूंचे कंगोरे उठतात, पाठीचे मणके दणके खाऊन चेपतात. बाई वीस वर्षं हे फळ्यावर काढून शिकवत होत्या, आणि आता मामा ते ओल्या हातात धरून दारात उभा होता.

त्या दिवसापासून त्या सांगाड्याचं नाव मामांचा स्वार असं पडलं. बाईंनी मापं घेतली, पुन्हा घेतली, बाहेरून दोन तज्ज्ञ बोलावले. आमच्या भागात इतका जुना स्वार कुणाकडेच नव्हता. मग विद्यापीठाने नवीन दालन काढायचं ठरवलं, मधोमध काचेच्या पेटीत स्वार, मागे भिंतभर चित्र. चित्रकाराला सल्ला द्यायला मामाला बसवलं. मामाने स्वाराला भरघोस मिशा काढायला लावल्या. पुरावा काय विचारलं तर म्हणाला, घोड्यावर बसलाय म्हणजे असणारच. घोड्याची आणि मामाची ओळख दातांपलीकडे कधी गेलेली नाही, म्हणून घोड्याचं तोंड उघडं हवं असा त्याचा हट्ट. त्यामुळे चित्रातला घोडा खदखदून हसतोय असं वाटायचं, पण मामापुढे ते बोलायची कुणाची टाप नव्हती.

आणि उद्घाटनाच्या दिवशी मामाने पाच मिनिटं बोलायचं होतं. वाटीतलं पाणी लांबट कसं दिसलं ते, व्यासपीठावरून, पाहुण्यांसमोर. कार्यक्रमपत्रिकेत त्याची ओळ छापली होती. मामाने पाच मिनिटांसाठी सात भाषणं लिहिली. एक मला ऐकवलं, एक माझ्या नवऱ्याला, तेव्हा तो माझा दीर नाही हे त्याला कळलं. बाकीची पाच मामीला ऐकवली. मामीने पाचही ऐकून घेतली आणि सांगितलं, बोला खुशाल, पण मी काही तिथे यायची नाही. एकतीस वर्षांत ती विभागात एकदाही गेली नव्हती. मेलेल्या माणसांच्यात माझं काय काम, असं तिचं म्हणणं. मामा घरी आला की आधी अंघोळ, मग चहा, हा नियम लग्नाच्या दुसऱ्या दिवशी लागू झाला तो आजतागायत.

या सगळ्या लगीनघाईत मामा लंगडायला लागला होता. विचारलं तर म्हणायचा, बूट चावतोय. महिन्याभरात त्याने तीन जोड बदलले, सगळे चावले. बसून उठताना भिंत धरायचा आणि कुणी पाहिलं तर भिंतीवरची धूळ पुसल्यासारखं करायचा. मी इस्पितळात एक्स-रे काढते, रोज पन्नास-साठ लोकांना श्वास रोखा, हलू नका, असं दटावते. मला बूट शिकवतो का हा? उद्घाटनाला बारा दिवस राहिले होते तेव्हा त्याला जवळजवळ ओढून नेला, टेबलावर झोपवला आणि दोन्ही खुब्यांचा फोटो काढला.

फोटो उजेडावर लावला. सांधा झिजला होता, ते अपेक्षितच होतं. पण वाट्या! दोन्ही लांबट, वर ओढलेल्या. चार वर्षं मामाने मला तो स्वाराचा खुबा वहीवर, वर्तमानपत्राच्या कडेला, कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर इतक्या वेळा काढून दाखवला होता की मला झोपेतही ओळखू आला असता. मी तोंड मिटून बसणार होते. पण हाडांचे डॉक्टर मागून आले, फोटोकडे पाहिलं आणि मामाला सहज विचारलं, घोडेस्वारी किती वर्षं केलीत? मामा हसला. मग त्याने मान वळवून फोटोकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

बाहेरच्या बाकड्यावर मी त्याला समजावलं. आता जे सांगते त्याची मला लाज वाटते, पण सांगते. मी म्हटलं, बारा दिवस गप्प बस. पाच मिनिटं बोल, टाळ्या घे, मग पुढच्या महिन्यात दाखव बाईंना हवं तर. तुझा खुबा तुझ्या अंगात लपलाय, कुणी बघायला येत नाही. मामा बूट चावतोय असंसुद्धा म्हणाला नाही. दोन दिवस त्याने फोन उचलला नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच आला, फोटो घेऊन विभागात ये म्हणून.

बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. मी फोटो दिला, त्यांनी तो काचेला लावला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

"वा! दोन्ही बाजू शाबूत आहेत. हा कुठल्या उत्खननातला?"

"बाई, हा मी," मामा म्हणाला.

बाईंनी फोटो पाहिला, मामाला पाहिलं, परत फोटो पाहिला. तुम्ही घोड्यावर बसत होतात, मला कधी सांगितलं नाहीत, असं त्या हळूच म्हणाल्या. अजून त्यांना आशा होती, बिचाऱ्यांना.

"घोड्यावर नाही. बाकावर बसतो. रोज तुमच्यासमोरच."

बाई तरातरा जिना उतरून धुण्याच्या खोलीत गेल्या, मागून मामा कठडा धरत, मागून मी. बाईंनी मामाला बाकावर बसायला सांगितलं. मामा बसला, पाय टाकले, मांड्या आवळल्या. बाक डुगडुगायचा थांबला. बाई मोरीच्या कडेला उकिडव्या बसल्या, टेप काढली आणि गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत अंतर मोजलं. कोन मोजला. मग दोन्ही हातांनी डोकं धरून तिथेच बसून राहिल्या. इतकी वर्षं त्या रोज त्या दारावरून जात होत्या आणि आतल्या माणसाकडे त्यांनी एकदाही स्वाराला बघावं तसं पाहिलं नव्हतं. मामा घाबरून म्हणाला, बाई, फरशी ओली आहे.

पुढचे चार दिवस आमच्या इस्पितळात मामाचे इतके फोटो निघाले की आमचे साहेब मला विचारायला लागले, हा पेशंट आहे की नातेवाईक. मांड्या झाल्या, कंबर झाली, मणका न् मणका झाला. बाईंनी एका टेबलावर स्वार मांडला आणि भिंतीवर मामा लावला. त्यांचं म्हणणं, एका खुणेवर कुणी स्वार होत नाही. अशा सहा जागा आहेत, निदान चार ठिकाणी खूण पटली तर बोलावं, नाहीतर गप्प राहावं. स्वाराच्या सहापैकी तीन पटत होत्या, कारण त्याची अर्धी पाठ मातीतच विरघळली होती, आणि बाईंनी आजवर त्या गेलेल्या अर्ध्या पाठीवर भरवसा ठेवला होता. मामाच्या सहापैकी किती? मोजून तीन, आणि त्याच. म्हणजे एक तर तो स्वार नव्हता, नाहीतर आमचा मामाही स्वार होता.

बाई एक दिवस खोलीचं दार लावून बसल्या. दुसऱ्या दिवशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पेटीवरची पाटी बदला. मला वाटलं होतं त्या मामावर चिडतील. त्यांनी एवढंच विचारलं की हे आधी का नाही सांगितलं, आणि मग स्वतःच म्हणाल्या, मी तरी कुठे विचारलं होतं.

मग धांदल उडाली. चित्रकाराला परत बोलावलं. त्याने घोडा पुसला, तर स्वार पाय फाकवून अधांतरी लटकत राहिला, मिशांसकट. बाकाचा पुरावा नाही, ओंडक्याचा नाही, त्या माणसाच्या खाली नेमकं काय होतं ते कुणालाच माहीत नाही. शेवटी चित्रकार वैतागून म्हणाला, मी खाली धुकं काढतो, आणि बाईंनी होकार दिला. आता तो माणूस मिशांना पीळ देत ढगावर बसल्यासारखा दिसतो.

आणि मामाचं भाषण गेलं. स्वारच नाही म्हटल्यावर तो सापडला कसा यावर बोलणार काय? बाईंनी दुसऱ्या कशावर तरी बोला म्हणून फार आग्रह केला. मामा म्हणाला, माझ्याकडे एकच गोष्ट होती. कार्यक्रमपत्रिका नव्याने छापली, तिच्यात त्याची ओळ नव्हती. नवी पाटी मात्र मामानेच लिहिली, कारण विभागात त्याच्याइतकं सुवाच्य अक्षर कुणाचं नाही: पुरुष, वय सुमारे चाळीस. पाय फाकवून बसून बरीच वर्षं काहीतरी काम करणारा. काम कोणतं, माहीत नाही. घोड्यावर बसत होता की नाही, सांगता येत नाही.

घरी मामाने मामीला सांगितलं ते मी होते म्हणून मला माहीत आहे. सगळं सांगून झालं आणि तो भाषणाचे सात कागद घेऊन ते फाडावेत की ठेवावेत या विचारात बसला. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. मामीने विचारलं, उद्घाटन किती वाजता आहे? मी येते. मामा म्हणाला, अगं, आता तिथे बघण्यासारखं काही राहिलं नाही. मामी म्हणाली, ते माझं मी ठरवीन.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे आले, फीत कापली, भाषणं झाली. पाहुण्यांनी मधली पेटी पाहिली, पाटी वाचली, घोड्यावर बसत होता की नाही सांगता येत नाही, इथे आले आणि शेजारच्या मण्यांच्या माळांकडे वळले. त्यांच्यामागे सगळी गर्दी माळांकडे वळली. मामा भिंतीला टेकून उभा होता. बघितलंस, एवढंच तो मला म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं.

मामी एकटी पेटीपाशी राहिली होती. नवी साडी, हातात घट्ट धरलेली पर्स. मेलेल्या माणसाच्या इतकं जवळ ती पहिल्यांदाच आली होती. तिने मामाला खुणेने बोलावलं आणि विचारलं, ते लांबट झालेलं कुठलं? मामाने काचेवर बोट ठेवलं. तुमचंही अस्संच आहे? अस्संच, मामा म्हणाला. मामी वाकली. चष्मा काचेला टेकेपर्यंत वाकून ती त्या वाटीकडे बघत राहिली.

"मग ह्याचं दुखत असणार हो," ती म्हणाली. "बसून उठताना तर फारच. कुणी हात देणारं होतं की नाही कोण जाणे."

मी रोज पन्नास-साठ माणसांची हाडं बघते. बाईंनी हाच खुबा चार वर्षं मोजला. मामाने तो स्वतःच्या हाताने धुतला, आणि मामाचा तर स्वतःचा दुखत होता. पण बसत होता कशावर, या पलीकडे आमच्यापैकी एकाही शहाण्याचं डोकं गेलं नव्हतं. मामाला काहीतरी आठवलं आणि तो लंगडत लंगडत गर्दीतून बाईंना हाताला धरून घेऊन आला. धुताना डाव्या वाटीच्या वरच्या कडेला एक जागा त्याच्या बोटाला गुळगुळीत लागली होती, हाडावर हाड घासून काचेसारखी झालेली. त्याने तेव्हाच ती नोंदवहीत लिहिली होती, पण स्वाराच्या गडबडीत ते पान कुणी उलटलं नव्हतं. उजव्या मांडीचं हाड डावीच्या हाडापेक्षा जाड होतं, म्हणजे डावा पाय वाचवून तो सगळा भार उजव्यावर टाकत होता. मामा बोलत होता आणि बाई पर्समध्ये कागद शोधत होत्या. पाच मिनिटं तरी तो बोलला असेल. नंतर माळांपासची माणसं एकेक करून इकडे आली.

दुसऱ्या दिवशी पाटीवर एक ओळ वाढली: डावा खुबा दुखत असावा, विशेषतः बसून उठताना. आता त्या पेटीपाशी लोक थांबतात. वयस्कर माणसं तर ती ओळ वाचून आपापल्या कमरेवर हात ठेवतात आणि सांगाड्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघतात. आपल्या लेखात घालायला बाईंनी मामीसमोरच मामाला विचारलं, हे निरीक्षण तुमच्या नावावर टाकू ना?

एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं समोर आलं, आणि माझा मामा नाही म्हणाला.

"माझं नाही, बाई. आमच्या घरचं आहे. हिच्या नावावर टाका."